शब्दांची शिदोरी : मीरा कुणाची?



आज आधी एक कोडे घालते. दोनच अक्षरांचा एक शब्द आहे. मुलीच्या नावात तो असतो आणि दर्ग्याच्या नावातही असतो. आकाशातल्या एका ताऱ्याला तेच नाव आहे. सोव्हिएत संघाने अंतराळात सोडलेल्या एका स्थानकाच्या नावात जवळपास तोच आवाज ऐकू येतो. आणि स्पेन देशात कुणी तो मोठ्याने म्हटला, तर आजूबाजूची माणसे लगेच मान वळवून बघू लागतात!

ओळखलंत का? वर मथळा वाचला असेल तर ओळखलंच असेल. शब्द आहे 'मीरा'.

एवढेसे नाव, पण फिरले किती! चला तर, आज त्याच्या मागोमाग आपणही थोडे फिरून येऊ. सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू.

सेगावची मीराबेन

वर्ध्याहून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तुमच्यापैकी बहुतेकांची सहल तिथे गेलीच असेल. बापूकुटी पाहिली असेल. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. भिंतीवर मातीचीच झाडे उठवलेली आहेत, ती पाहिलीत का? नसतील पाहिली तर पुढच्या वेळी नीट बघा. ती काढणारी बाई वर्ध्याची नव्हती, भारतातलीही नव्हती. ती इंग्लंडची. तिचे जन्मनाव मॅडलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२.

मॅडलिनचे वडील इंग्रजांच्या आरमारात मोठे अधिकारी होते, अ‍ॅडमिरल. (हा 'अ‍ॅडमिरल' शब्द लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याची गंमत येणार आहे.) मॅडलिनला बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराच्या संगीताचे वेड होते. त्याच्यावर लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाला ती भेटायला गेली आणि त्यांच्याकडून तिला गांधीजींबद्दल कळले. मग तिने एक वर्ष स्वतःची तयारी केली. मांसाहार सोडला, सूत कातायला शिकली, जमिनीवर मांडी घालून बसायची सवय केली. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती साबरमती आश्रमात पोचली. तिथे गांधीजींनी तिला नवे नाव दिले : मीरा. आश्रमातले सगळे तिला मीराबेन म्हणू लागले. 'बेन' म्हणजे गुजरातीत बहीण, आपण 'ताई' म्हणतो तसे.

१९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले, पण मीराबेन त्यांच्या आधीच तिथे येऊन राहिल्या होत्या. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती झोपडी मुळात मीराबेनची होती. आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतूनच घर बांधायचे असे ठरलेले होते. माती, बांबू, शिंदोळ्या, कवेलू. म्हणून ते घर आपल्या खेड्यातल्या घरांसारखेच दिसते.

'सेगाव' हे नाव वाचून तुम्ही थांबलात का? हो, सेवाग्रामचे जुने नाव सेगाव. इकडे सेगाव आणि तिकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव! दोन्ही नावे जवळजवळ सारखी. गांधीजींची पत्रे तिकडे जाऊ लागली. शेवटी १९४० साली आपल्या सेगावचे नाव 'सेवाग्राम' झाले. म्हणजे बघा, सारख्या नावांचा घोळ आपल्या जिल्ह्याने चांगलाच अनुभवला आहे!

मीराबेन १९४२ ते १९४४ या काळात गांधीजींसोबत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. १९५९ साली त्या भारतातून गेल्या आणि पुढे बीथोव्हेन जिथे राहिला त्या ऑस्ट्रियात जाऊन राहिल्या. तिथेच १९८२ मध्ये त्या वारल्या. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले होते. गांधीजींनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक निघाले आहे आणि त्या पुस्तकाच्या नावातही 'मीरा'च आहे, मॅडलिन नाही.

मग मॅडलिन या नावाचे काय? तेही काही साधे नाव नाही. बायबलमध्ये येशू ख्रिस्ताची एक शिष्या आहे, मग्दालीया मरीया. मग्दालीया म्हणजे मग्दला गावची. जसे आपण 'हिंगणघाटकर' किंवा 'आर्वीकर' म्हणतो, अगदी तसे. त्या गावाच्या नावात हिब्रू भाषेतला 'मिग्दल', म्हणजे बुरूज, हा शब्द आहे. 'मग्दालीया'चे फ्रेंच रूप झाले मॅडलिन. म्हणजे एका गावकरणीचे नाव टाकून ती दुसऱ्या गावची मीरा झाली!

मेडत्याची मीरा

गांधीजींनी हे नाव कुठून घेतले? अर्थातच संत मीराबाईंवरून. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी राजस्थानात मेडत्याच्या राजघराण्यात मीराबाई जन्मल्या. त्यांचे लग्न मेवाडच्या राणा सांगाचा मुलगा भोजराज याच्याशी झाले. पण त्यांचे मन राजवाड्यात रमले नाही. कृष्णभक्तीसाठी त्यांनी राजवैभव सोडले. त्यांची भजने आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटली जात. आता सांगा, आरमारी अधिकाऱ्याच्या घरातले सुख सोडून आलेल्या मुलीला याहून जुळणारे नाव कोणते मिळाले असते?

त्या मीराबाईंमुळे आपल्याकडे 'मीरा' म्हणजे कृष्णाची भक्त, असा अर्थ घराघरांत रुजला. गंमत अशी, की हा अर्थ शब्दाचा नाही, माणसाचा आहे. एक बाई इतकी मोठी झाली, की तिच्या नावालाच तिचा अर्थ चिकटला.

मग मूळ शब्दाचा अर्थ काय? संस्कृत कोशात 'मीर' म्हणजे समुद्र असा एक अर्थ दिलेला आहे. काही अभ्यासक म्हणतात, राजस्थानात त्या काळी फारसी शब्द रुळलेले होते, त्यातल्या 'मीर'शी याचे नाते असावे. विद्वानांचे यावर एकमत नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका लेकीला घरच्यांनी कोणत्या कौतुकाने हाक मारली, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मीर म्हणजे सरदार

आता त्या फारसी 'मीर'कडे जाऊ. अरबी भाषेत 'अमीर' म्हणजे हुकूम देणारा, सरदार. त्याचे फारसीत आखूड रूप झाले 'मीर'. आपल्या मराठीतला 'अमीर-उमराव' हा जोडशब्द ऐकला असेल. त्यातला 'उमराव' हा 'अमीर'च्याच अनेकवचनावरून आलेला आहे. उर्दूचे थोर कवी मीर तकी मीर यांच्या नावात तर तो दोनदा येतो! अमीरचे स्त्रीलिंगी रूप 'अमीरा', म्हणजे राजकन्या.

सरदारांप्रमाणे सत्पुरुषांनाही आदराने मीर, मीरां म्हणत. गुजरातेत उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. आपल्या महाराष्ट्रात मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. इथे 'मीरा' हे बाईचे नाव नाही, पुरुषाचे आहे. मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो. किराणा घराण्याचे मोठे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसाच्या वेळी तिथे त्यांच्या आठवणीत मोठमोठे गवई गातात आणि ऐकायला सगळ्या धर्मांची माणसे बसतात.

आणखी एक 'मीर' सांगते. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असताना १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गला एका पठाणाने त्यांना काठीने बेदम मारले. त्या पठाणाचे नाव मीर आलम. शुद्धीवर आल्यावर गांधीजींनी कळवले, की त्याच्यावर खटला चालू नये. एका 'मीर'ने मारले आणि पुढे त्याच गांधीजींनी आपल्या मानसकन्येला 'मीरा' म्हटले. ही दोन नावे त्यांनी जोडून पाहिली होती असे मी म्हणत नाही. पण एका माणसाच्या आयुष्यात ती दोन्ही आली, हे खरे.

आता तो 'अ‍ॅडमिरल'. अरबीत 'अमीर-अल' म्हणजे 'अमुकचा सरदार'. समुद्राचा सरदार तो 'अमीर-अल-बहर'. युरोपातल्या माणसांनी पुढचा 'बहर' गाळला आणि नुसता 'अमीर-अल' उचलला. त्यात एक 'ड' घुसला आणि झाला अ‍ॅडमिरल! म्हणजे मॅडलिनच्या घरात 'मीर' आधीपासूनच राहत होता, तिच्या बाबांच्या हुद्द्यात. आहे की नाही गंमत?

आकाशातली मीरा

तो 'ड' कुठून आला? लॅटिन भाषेतून. लॅटिनमध्ये 'मीरा' म्हणजे नवलाची, अद्भुत. त्यावरून 'अ‍ॅडमायर' हा इंग्रजी शब्द आला, म्हणजे कौतुकाने बघणे. 'अमीर-अल' हा शब्द ऐकून लोकांना वाटले, हा त्यातलाच असेल, म्हणून 'ड' जोडला गेला. 'मिरॅकल' म्हणजे चमत्कार आणि 'मिरर' म्हणजे आरसा, हे शब्दही त्याच घरचे.

१५९६ साली डेव्हिड फॅब्रिशियस नावाच्या माणसाला तिमिंगल तारकासमूहात एक तारा दिसला. काही आठवड्यांनी तो दिसेनासा झाला! काही वर्षांनी पुन्हा दिसला. पुढे योहान्नेस हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने १६६२ मध्ये त्याचे नाव ठेवले मीरा, म्हणजे नवलाचा तारा. हा तारा सुमारे ३३२ दिवसांत एकदा तेजस्वी होतो आणि पुन्हा मंदावतो. तेजात असला की नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मंदावला की दुर्बीण लागते. तो आपल्यापासून सुमारे तीनशे प्रकाशवर्षे दूर आहे. २००७ साली एका अवकाश-दुर्बिणीतून कळले, की या ताऱ्यामागे धूमकेतूसारखे शेपूट आहे आणि त्याची लांबी तेरा प्रकाशवर्षे आहे!

तिमिंगल हा तारकासमूह डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी दिसतो. शेतात जागलीला जाणाऱ्या बाबांबरोबर गेलात, तर नकाशा घेऊन शोधा. मीरा तेव्हा तेजात असेल की नाही, हे मात्र तिच्या मनावर.

स्पॅनिश भाषा ही लॅटिनची लेक. तिथे 'मीरा!' म्हणजे 'बघ!' आता कळले ना, स्पेनमधली माणसे मान का वळवतात ते?

शांतताही आणि जगही

थोडे उत्तरेला जाऊ. रशियन भाषेत 'मीर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : शांतता आणि जग. १९१८ पर्यंत हे दोन शब्द वेगवेगळ्या 'इ'ने लिहीत. मग लेखनाचे नियम बदलले आणि दोन्ही एकसारखे दिसू लागले. २० फेब्रुवारी १९८६ रोजी सोडलेल्या अंतराळस्थानकाला 'मीर' हेच नाव दिले होते. पंधरा वर्षे ते पृथ्वीभोवती फिरले आणि २३ मार्च २००१ रोजी प्रशांत महासागरात उतरवण्यात आले. सर्बिया, बल्गेरिया अशा देशांत मुलींचे नाव 'मीरा' असते. तिथल्या आईबाबांच्या मनात त्याचा अर्थ असतो 'शांती'. आपल्याकडच्या 'शांता'ची ती मैत्रीणच म्हणा ना!

ज्यू लोकांत 'मिरियम' या नावाचे लाडके रूप मीरा असे होते. ही मिरियम म्हणजे मोशेची थोरली बहीण. तेच नाव कुराणात 'मरियम' आहे, एका संपूर्ण अध्यायाला ते दिलेले आहे. तेच बायबलात 'मरीया' आहे. इंग्रजीत 'मेरी', पोर्तुगीजांकडून गोव्यात आले ते 'मारिया'. आठवा, मॅडलिन कुणावरून? मग्दालीया मरीयेवरून! फिरून फिरून पुन्हा आपण तिथेच आलो.

आणि पॅरिसला १८७८ साली एका ज्यू घरात जन्मलेल्या मुलीचे नावच मुळात 'मीरा' होते, मीरा अल्फासा. वडील तुर्कस्तानचे, आई इजिप्तची. ती पुढे पाँडिचेरीला अरविंदबाबूंच्या आश्रमात आली आणि सगळे तिला 'माताजी' म्हणू लागले. ऑरोव्हिल ही नगरी १९६८ साली त्यांनीच वसवली. बघा, इंग्लंडच्या मॅडलिनला भारतात येऊन मीरा हे नाव मिळाले, आणि पॅरिसची मीरा ते नाव घेऊनच भारतात आली.

पण सावध!

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे बाई, हे सगळे शब्द एकच की!" नाही हं. इथेच फसायला होते. सारखा आवाज म्हणजे सारखे मूळ नव्हे. लॅटिनची मीरा वेगळी, अरबीचा अमीर वेगळा, रशियाचा मीर वेगळा. आपल्याच मराठीत पाहा : 'मिरी' हा शब्द संस्कृतातल्या 'मरिच'वरून आला. आपला शेतकरी ज्याची वाट पाहतो तो 'मिरग' म्हणजे मृग नक्षत्र. 'मिरासदार' अरबीतून आला खरा, पण त्याचा अमीरशी संबंध नाही. तो वारशाच्या शब्दातून आला. आठवडी बाजारात एकाच रंगाचा सदरा घातलेली चार माणसे दिसली, तर ती भाऊ आहेत असे आपण म्हणतो का? आधी विचारतो, "कोणत्या गावचे हो तुम्ही?" शब्दांनाही तसेच विचारावे लागते.

आणि हे उलटही खरे आहे. 'हा शब्द आमच्यातूनच निघाला, बाकीच्यांनी चोरला' असे कुणी म्हणाले, की लगेच मान डोलवू नका. पुरावा मागा.

हजेरीतले नाव

हे सगळे मी का सांगते आहे? त्याला एक कारण आहे.

एका वर्षी दिवाळीनंतर माझ्या चौथीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. जिनिंगचा हंगाम सुरू झाला, की कामासाठी बाहेरगावची कुटुंबे येतात. तिचे वडील तसेच आले होते. तिचे नाव मी इथे छापत नाही, पण 'अमीर' या शब्दावरूनच ते आलेले होते. वर्गात आधीच दोन मीरा होत्या. मधल्या सुट्टीत पोरांनी सुरू केले : "हे खरी मीरा, हे खरी मीरा, अन् हे खोटी!" दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझं बी नाव मीराच लिवा ना हजेरीत."

मी खडू खाली ठेवला. नऊ वर्षांच्या लेकराला आपले नाव बदलावेसे वाटते, म्हणजे त्याला वर्गात जागा मिळाली नाही. मी तिला म्हटले, "आधी घरी विचारून ये, हे नाव कुणी ठेवलं अन् का ठेवलं. मग ठरवू." पोरांनाही तोच गृहपाठ दिला.

दुसऱ्या दिवशी तिने उभे राहून सांगितले, "माया दादीनं ठेवलं. दादी म्हणे, आपल्या घरात कोणी सरदार झालं नाही, सगळे मजूरच झाले. हे पोरगी तरी होऊ दे."

वर्ग एकदम गप्प झाला. मग जो मुलगा चिडवण्यात सगळ्यांत पुढे होता, तोच उठला आणि म्हणाला, "बाई, माया नावाचा अर्थ तं कोणालेच माहीत नाही घरी!" सगळे हसले, तीही हसली. हजेरीत तिचे नाव होते तेच राहिले.

दादीने सांगितलेला अर्थ कोणत्या कोशात सापडणार? पण तिच्या नावाचा सगळ्यांत खरा अर्थ तोच. कोश सांगतो शब्द कुठून आला. ते नाव तुमच्याच वाट्याला का आले, हे तुमच्या घरचेच सांगू शकतात.

तुमच्यासाठी काम

१. तुमचे नाव कुणी ठेवले, का ठेवले, आणि आणखी कोणती नावे सुचवली होती, ते घरी विचारा. आजी-आजोबा असतील तर त्यांनाच विचारा, त्यांना जास्त आठवते. पाच-सहा ओळींत लिहा.

२. तुमच्या वर्गातल्या वेगळ्या भाषेच्या किंवा वेगळ्या धर्माच्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला हेच विचारा. त्याचे नाव त्याच्या घरी जसे उच्चारतात, अगदी तसे उच्चारायला शिका.

३. 'मीर' किंवा 'मिर' आवाज असलेले आणखी पाच शब्द शोधा. कोणते एका घरचे आणि कोणते नुसतेच सारखे दिसणारे, ते कोशात पाहून ठरवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुले वर्गात जे चिडवतात, ते पुष्कळदा घरातून आणि शेजारातून ऐकलेले असते. एखादे नाव कानावर पडताच 'हे कोण? आपल्यातलं का?' असा प्रश्न आपण सहज विचारतो आणि लेकरू बाजूला बसून ऐकत असते. त्याऐवजी 'छान नाव आहे, अर्थ काय त्याचा?' एवढे विचारून पाहा. प्रश्न तेवढाच लांब आहे, पण पुढची गोष्ट वेगळी होते. आणि आपल्या मुलाच्या नावामागची गोष्ट त्याला एकदा तरी निवांत बसून सांगा. ती त्याच्या हक्काची आहे.

पुढच्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याला नाव देणाऱ्या नदीकडे जाऊ. वर्धा नदीचे जुने नाव 'वरदा', आणि कालिदासाच्या एका नाटकातही ती आहे. तेवढ्यात एक शोधून ठेवा : कर्नाटकातही एक 'वरदा' वाहते, ती कोणत्या नदीला मिळते?

तुमच्या,
बाई